विश्लेषण : जीवसृष्टी ‘सूप’मधून आली, ‘बोडी’तून की ‘विरजणा’तून? विज्ञानातली रूपके काय दाखवतात, काय लपवतात?

पृथ्वीवर पहिला जीव कसा तयार झाला, याचे एकच सर्वमान्य उत्तर आजही नाही. उत्तराचे दावेदार मात्र अनेक आहेत आणि प्रत्येकाची ओळख एखाद्या चित्रातून होते: कोमट डबके, आदिम सूप, अंतराळातले बीज, जीवनाच्या विटा, जनुकांची लिपी. बातमीत हेच शब्द येतात, शाळेच्या पुस्तकातही हेच. हे शब्द समजायला सोपे असतात, पण गैरसमजही त्यांच्यातूनच पसरतात. या रूपकांमागचे विज्ञान काय आहे आणि ती वाचताना काय लक्षात ठेवावे, याचा हा आढावा.

बोडी आणि डार्विनचा काय संबंध?

भंडारा हा तलावांचा जिल्हा. लाखनी, साकोली परिसरात गावाचा मोठा तलाव वेगळा आणि धानाच्या बांध्यांना पाणी देणारी लहान बोडी वेगळी. पावसाळ्यात बोडी काठोकाठ भरते. उन्हाळ्यात पाणी आटत जाते, कडेला गाळाचे थर उघडे पडतात, चिखलाला भेगा जातात. मृगाचा पाऊस आला की पुन्हा पाणी आणि रात्रभर बेडकांचा आवाज.

हे बेडूक चिखलातून ‘तयार’ झाले, असे पूर्वी अनेक देशांत मानले जाई. आपल्या जुन्या वर्गीकरणातही अंडज, जरायुज, उद्भिज्ज यांच्या जोडीला ‘स्वेदज’ हा गट होता, म्हणजे घाम व ओलावा यांतून जन्मणारे जीव. इटलीच्या फ्रान्चेस्को रेदी यांनी १६६८ मध्ये दाखवले, की मांस जाळीने झाकून माशांना दूर ठेवले तर त्यात अळ्या होत नाहीत. पुढे १८६० च्या सुमारास लुई पाश्चर यांनी उकळलेल्या रश्शाच्या प्रयोगांतून सिद्ध केले, की सूक्ष्मजीवही आपोआप उपजत नाहीत. मृगातले बेडूकही आधीच्या बेडकांचीच पिढी असते. उन्हाळाभर ते ओल्या मातीत, कपारीत दडून बसलेले असतात.

पण जीव जीवापासूनच येतो असे म्हटले, तर पहिला जीव कुठून आला? १ फेब्रुवारी १८७१ रोजी चार्ल्स डार्विन यांनी वनस्पतिशास्त्रज्ञ मित्र जोसेफ हूकर यांना लिहिलेल्या पत्रात या प्रश्नाला हात घातला. एखाद्या कोमट, लहानशा तळ्यात अमोनिया, फॉस्फरसचे क्षार, प्रकाश, उष्णता, वीज असे सगळे एकत्र आले आणि त्यातून प्रथिनासारखे संयुग तयार झाले तर, अशी ती कल्पना होती. यातला ‘तर’ फार मोठा आहे, हे डार्विन यांनी स्वतःच तिथे नोंदवले. आज असे का घडताना दिसत नाही, याचेही उत्तर त्याच पत्रात आहे: आजच्या तळ्यात असे संयुग तयार झालेच, तर तिथे आधीपासून असलेले जीव ते लगेच खाऊन टाकतील.

डार्विन यांचे हे ‘तळे’ म्हणजे मित्राला लिहिलेल्या खासगी पत्रातला एक अंदाज होता. पुढे दीडशे वर्षे तो उद्धृत होत राहिला आणि त्यातला मोठा ‘तर’ वाटेत गळून गेला.

रूपक म्हणजे नेमके काय?

शाळेतल्या व्याकरणात तीन अलंकार शेजारी-शेजारी शिकवले जातात. ‘बोडी आरशासारखी चमकते’ ही उपमा. ‘बोडी म्हणजे जणू आरसाच’ ही उत्प्रेक्षा. ‘बोडीच्या आरशात ढग उतरले’ हे रूपक. पहिल्यात ‘सारखी’ आहे, दुसऱ्यात ‘जणू’ आहे. तिसऱ्यात दोन्ही नाहीत. बोडी आणि आरसा एकच झाले.

जॉर्ज लेकॉफ आणि मार्क जॉन्सन या अमेरिकी अभ्यासकांनी १९८० मध्ये मांडले, की रूपक हा केवळ कवितेचा दागिना नाही. माणूस रोजचा विचारही त्यातूनच करतो. आपण वेळ ‘वाचवतो’, ‘खर्च’ करतो, ‘वाया घालवतो’, कारण वेळेकडे पैशासारखे पाहण्याची सवय लागली आहे. विज्ञानालाही हे टळत नाही. जे डोळ्यांना दिसत नाही ते समजायला ओळखीच्या वस्तूचा आधार घ्यावाच लागतो.

अडचण प्रवासात होते. संशोधक ‘जणू’ म्हणतो, बातमीच्या मथळ्यात ‘जणू’ला जागा नसते आणि वाचकापर्यंत पोहोचेपर्यंत उत्प्रेक्षेचे रूपक झालेले असते. मग सूप, बीज, लिपी या गोष्टी खरोखरच होत्या असे वाटू लागते. जीवाच्या जन्माबद्दलच्या विज्ञानात हे सर्वाधिक घडते, कारण तिथे घटना सुमारे ४०० कोटी वर्षे जुनी आहे आणि साक्षीदार कोणीच नाही.

‘आदिम सूप’ हा शब्द कुठून आला?

या शब्दामागच्या शास्त्रज्ञाचा भारताशी जवळचा संबंध आहे. ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२९ मध्ये लिहिलेल्या निबंधात आदिम समुद्राला गरम, पातळ सूपची उपमा दिली. हेच हाल्डेन १९५७ मध्ये कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आले, भारतीय नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला त्यांचे निधन झाले. सोव्हिएत रशियात अलेक्झांडर ओपारिन यांनी १९२४ मध्येच साधारण अशीच मांडणी केली होती. म्हणून या विचाराला ओपारिन-हाल्डेन सिद्धांत म्हणतात.

त्याला प्रयोगाचा आधार १९५३ मध्ये मिळाला. शिकागो विद्यापीठातील तरुण संशोधक स्टॅन्ली मिलर यांनी हॅरोल्ड यूरी यांच्या मार्गदर्शनाखाली काचेच्या बंद उपकरणात पाणी, मिथेन, अमोनिया आणि हायड्रोजन भरले. पाणी उकळत ठेवले आणि वाफेत विजेच्या ठिणग्या सोडल्या. काही दिवसांत पाणी तांबूस झाले आणि त्यात ग्लायसिन, ॲलॅनिन ही अमिनो आम्ले सापडली. प्रथिने ज्या घटकांची बनतात, ते निर्जीव वायूंपासून तयार होऊ शकतात हे पहिल्यांदा दिसले.

सूपच्या रूपकाने एक गोष्ट छान दाखवली: साहित्य एकत्र आले, उष्णता मिळाली की रसायने बदलतात. पण त्याने दोन गोष्टी लपवल्या. पहिली, समुद्र अफाट आहे. त्यात विरघळलेले पदार्थ इतके विरळ होतात, की त्यांची गाठ पडणे अवघड. सूप म्हटले की दाट वाटी डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात ते भाताच्या पेजेच्या वरच्या पाण्याहूनही कितीतरी पातळ असणार. दुसरी, अमिनो आम्लांची साखळी जोडली जाताना प्रत्येक जोडणीत पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. आजूबाजूला पाणीच पाणी असेल तर हे जोडकाम पुढे सरकत नाही, उलट झालेल्या जोडण्या सुटतात. जीवाला पाणी हवे आणि त्याच्या पहिल्या साखळ्यांना पाणी नको, असा हा पेच आहे.

मग आटणारी बोडी का महत्त्वाची?

या पेचावर एक मार्ग ओले आणि कोरडे यांच्या आलटून-पालटून येण्यात आहे. अमेरिकेतील डेव्हिड डीमर आणि ब्रूस डॅमर यांनी जमिनीवरच्या गरम झऱ्यांच्या डबक्यांबद्दल हीच मांडणी केली आहे. डबके आटले की विरघळलेले पदार्थ दाट होतात, पाणी निघून जाते आणि रेणू एकमेकांना जोडले जातात. पुन्हा पाणी आले की ते मोकळे होतात, मिसळतात. साबणासारखे मेदाचे रेणू असतील तर पाण्यात त्यांचे सूक्ष्म फुगे बनतात आणि जोडलेल्या साखळ्या त्या फुग्यांत अडकतात. पुन्हा आटणे, पुन्हा भरणे. प्रयोगशाळेत अशा फेऱ्यांमधून आरएनएसारख्या साखळ्या लांब होताना दिसल्या आहेत.

वर्षातून एकदा भरणारी आणि आटणारी बोडी हे चक्र समजावायला उपयोगी आहे. पण इथेही ‘सारखी’ विसरता कामा नये. या मांडणीतली डबकी ज्वालामुखीच्या परिसरातली, तापलेली, दिवसातून अनेकदा आटणारी. बोडीच्या गाळात शेवाळ, जिवाणू, किडे, मासे असे सगळे आधीच आहे. आदिम डबक्यात यांतले काहीच नव्हते. साम्य आहे ते फक्त भरण्या-आटण्याच्या क्रमात.

समुद्राच्या तळाशी ‘चुली’ कशा?

१९७७ मध्ये गॅलापागोस बेटांजवळ ‘अल्विन’ या पाणबुडीतून संशोधकांनी खोल समुद्राच्या तळाशी गरम पाण्याचे झरे आणि त्यांच्याभोवती गजबजलेले जीवन पाहिले. तिथे सूर्यप्रकाश पोहोचत नाही. पुढे अशा ठिकाणी धुराड्यांसारखे खनिजांचे उंच स्तंभही आढळले. त्यानंतर मायकेल रसेल, विल्यम मार्टिन, निक लेन आदी शास्त्रज्ञांनी जीवाचा आरंभ अशा झऱ्यांपाशी झाला असावा, असे मांडले.

त्यांच्या मांडणीत चित्र बदलते. सूपमध्ये साहित्य महत्त्वाचे, इथे ऊर्जेचा प्रवाह. ते समजायला पवनी तालुक्यातल्या गोसेखुर्द धरणाचे उदाहरण चालेल. भिंतीच्या एका बाजूला पाणी उंच, दुसऱ्या बाजूला खाली. या फरकातच शक्ती साठलेली असते. खाली येणारे पाणी चाक फिरवू शकते. आपल्या पेशीही असेच करतात. पातळ पटलाच्या एका बाजूला हायड्रोजनचे धनभारित कण जास्त जमवतात आणि ते दुसऱ्या बाजूला वाहताना एटीपी नावाचे ऊर्जेचे चलन तयार होते. पीटर मिशेल यांनी हे १९६१ मध्ये मांडले आणि १९७८ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. अल्कधर्मी झऱ्याचे पाणी आणि आम्लधर्मी आदिम समुद्र यांच्यामध्ये सच्छिद्र खनिजाची भिंत असेल, तर हा फरक तिथे आयताच मिळतो, असे या गटाचे म्हणणे.

धरणाचे चित्र ऊर्जा दाखवते, पण एक गोष्ट झाकते. धरण कोणीतरी बांधलेले असते. झऱ्यांच्या भिंती मात्र खनिजे साचून आपोआप उभ्या राहतात. शिवाय समुद्रतळाशी पाणी कधीच आटत नाही. त्यामुळे साखळी जोडण्याचा मघाचा पेच तिथेही उभाच राहतो.

‘विरजण’ काय शिकवते?

जीवाची एक खूण म्हणजे स्वतःसारखे आणखी निर्माण करणे. रसायनशास्त्रात जो पदार्थ स्वतःच्याच निर्मितीला चालना देतो, त्याला स्वयं-उत्प्रेरक म्हणतात. शब्द जड आहे, पण घराघरात त्याच्यासाठी चपखल उपमा आहे: विरजण. चमचाभर दही दुधात घातले की सगळ्या दुधाचे दही होते आणि त्यातले चमचाभर उद्यासाठी पुरते.

इथेच आणखी एक जुना प्रश्न येतो. डीएनएच्या सूचनेशिवाय प्रथिने बनत नाहीत आणि प्रथिनांच्या मदतीशिवाय डीएनएची नक्कल होत नाही. आधी कोंबडी की आधी अंडे? थॉमस चेक आणि सिडनी ऑल्टमन यांनी १९८० च्या दशकात दाखवले, की आरएनए माहिती वाहतो आणि काही वेळा स्वतः उत्प्रेरकाचे कामही करतो. त्यांना १९८९ मध्ये नोबेल मिळाले. १९८६ मध्ये वॉल्टर गिल्बर्ट यांनी ‘आरएनए विश्व’ हा शब्द वापरला: डीएनए व प्रथिने येण्याआधी दोघांचे काम आरएनएच करत असावा. पेशीतल्या रायबोसोमची रचना उलगडल्यावर या कल्पनेला बळ मिळाले. प्रथिने जोडणाऱ्या या यंत्रणेचा गाभाच आरएनएचा निघाला. या कामासाठी २००९ चे नोबेल मिळालेल्या तिघांत तमिळनाडूत जन्मलेले आणि बडोद्यात शिकलेले वेंकटरमण रामकृष्णन होते.

विरजणाचे चित्रही अर्धवट आहे. दही लावणारे जिवाणू स्वतः जिवंत असतात आणि दूध गाईने आधीच तयार केलेले असते. पहिले विरजण आणि पहिले दूध, दोन्ही कुठून आले, हाच तर खरा प्रश्न. २००९ मध्ये ब्रिटनमधील जॉन सदरलँड यांच्या गटाने आरएनएचे दोन घटक साध्या रसायनांपासून तयार करून दाखवले. म्हणजे ‘दूध’ बनण्याची एक वाट सापडली. चारी बाजूंनी स्वतःची नक्कल करत राहणारे आरएनएचे विरजण निर्जीव रसायनांतून आपोआप लागताना मात्र अजून कोणी पाहिलेले नाही.

‘अंतराळातले बीज’ आणि नारळीकरांचा प्रयोग

मराठी वाचकांना सर्वात ओळखीचे रूपक बीजाचे. जीवसृष्टी अंतराळातून पृथ्वीवर आली असावी, या कल्पनेला ‘पॅनस्पर्मिया’ म्हणतात. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ ‘सर्वत्र बीज’. फ्रेड हॉयल आणि चंद्रा विक्रमसिंघे यांनी ती विसाव्या शतकात नव्याने मांडली. हॉयल यांचे विद्यार्थी डॉ. जयंत नारळीकर यांनी तिची चाचणी घेण्याचे ठरवले.

हैदराबादहून मोठे फुगे सोडून वातावरणाच्या वरच्या थरांतील हवेचे नमुने गोळा करण्यात आले. २००१ च्या उड्डाणातील नमुन्यांत ४१ किलोमीटर उंचीवर सूक्ष्मजीवांच्या खुणा आढळल्या. २००५ मध्ये दुसरे उड्डाण झाले. त्यातील नमुने हैदराबादची सीसीएमबी आणि पुण्यातील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र यांनी तपासले. २००९ मध्ये इस्रोने जिवाणूंच्या तीन नव्या प्रजाती जाहीर केल्या. त्यांची नावे हॉयल, इस्रो आणि आर्यभट यांच्यावरून ठेवली गेली. हे जिवाणू अतिनील किरणांना अधिक दाद न देणारे होते. त्याच वेळी त्यांचा उगम पृथ्वीबाहेरचाच आहे असे यावरून ठामपणे सिद्ध होत नाही, हेही स्पष्ट करण्यात आले. पृथ्वीवरून वर गेलेले जिवाणू ही शक्यता उरतेच.

बीजाचे रूपक प्रवास दाखवते आणि सुरुवात पुढे ढकलते. धानाचे बियाणे दुसऱ्या गावाहून आणले हे कळले, तरी ते तिथे पहिल्यांदा कसे तयार झाले हे कळत नाही. मे २०२५ मध्ये नारळीकर यांचे निधन झाले. त्यांच्या या कामातून घेण्यासारखी गोष्ट म्हणजे, एका आकर्षक रूपकाला त्यांनी मोजता येईल अशा प्रश्नाचे रूप दिले.

‘जीवनाच्या विटा’ सापडल्या म्हणजे घर सापडले का?

नासाच्या यानाने बेन्नू या लघुग्रहावरून आणलेले नमुने सप्टेंबर २०२३ मध्ये पृथ्वीवर उतरले. जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार, जीव वापरतात त्या २० पैकी १४ अमिनो आम्ले आणि डीएनए-आरएनएचे पाचही मूलघटक त्यात होते. खारे पाणी आटल्यावर मागे राहतात तशी खनिजेही होती. मथळ्यांत ‘जीवनाच्या विटा सापडल्या’ असे आले.

विटा म्हटले की त्या एकावर एक रचायच्याच तेवढ्या राहिल्या, असे वाटते. इथे एक तपशील बोलका आहे. अमिनो आम्ले डाव्या-उजव्या चपलेसारखी दोन रूपांत असतात. पृथ्वीवरचे जीव प्रथिनांसाठी जवळजवळ फक्त डावी वापरतात. बेन्नूवर मात्र दोन्ही साधारण सारख्याच प्रमाणात होती. विटा होत्या, पण निवड झालेली नव्हती. ही निवड कशी झाली, हा वेगळाच प्रश्न आहे. ‘विटा’ शब्द तो विचारूच देत नाही.

‘लिपी’ असेल तर लेखक कोण?

१९४४ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ एर्विन श्रोडिंगर यांनी ‘व्हॉट इज लाइफ?’ या पुस्तकात आनुवंशिकतेसाठी सांकेतिक लिपीची कल्पना वापरली. १९६० च्या दशकात हा संकेत उलगडला आणि त्यातील कामगिरीसाठी हरगोविंद खुराना यांना १९६८ मध्ये नोबेलचा वाटा मिळाला. आज शाळेतली मुले प्रतिलेखन, भाषांतरण असे शब्द शिकतात. सगळी भाषा लेखन-वाचनाची आहे.

त्यामुळे एक प्रश्न हमखास येतो: लेख आहे, तर लेखक कोण? हा प्रश्न श्रद्धेच्या किंवा तत्त्वज्ञानाच्या अंगाने विचारता येतो. पण तो रूपकातून आलेला आहे, प्रयोगातून नव्हे, हे लक्षात ठेवावे. पेशीत कोणी वाचत नाही. रेणूंचे आकार आणि भार जुळतात, म्हणून ते एकमेकांना चिकटतात. कुलूप-किल्लीसारखे म्हणावे, तर तेही पुन्हा रूपकच.

हॉयल यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला एक गाजलेले चित्र रंगवले होते. भंगाराच्या ढिगावरून वादळ जावे आणि त्यातून बोइंग ७४७ विमान तयार व्हावे, तितके जीव आपोआप बनणे असंभव. चित्र प्रभावी आहे, म्हणूनच ते आजही समाजमाध्यमांवर फिरते. त्यात लपलेली गोष्ट अशी, की वादळाला एका फटक्यात विमान बनवायचे आहे. रासायनिक टप्पे मात्र एकेक करून साचत जातात आणि टिकाऊ रेणू मागे उरतात. हे टप्पे नेमके कोणते यावर वाद आहे. पण एका झटक्यात सगळे घडले, असे कोणताच संशोधक म्हणत नाही.

मराठी शब्दांची स्वतःची रूपके कोणती?

इंग्रजी रूपक मराठीत येताना बदलते. काही वेळा त्याचा फायदा होतो, काही वेळा तोटा.

पेशी : रॉबर्ट हूक यांनी १६६५ मध्ये बुचाच्या पातळ कापात कप्पे पाहिले आणि त्यांना छोट्या खोलीचे नाव दिले. हिंदीतल्या ‘कोशिका’ शब्दात तो कोश आहे. मराठी ‘पेशी’ मांसाच्या गोळ्याशी नाते सांगते. खोलीची भिंत, म्हणजे आत-बाहेर वेगळे करणारे पटल, त्यात दिसत नाही. जीवाच्या जन्माच्या प्रश्नात तर हे पटलच कळीचे आहे.

उत्क्रांती : ‘उत्’ म्हणजे वर. त्यामुळे शब्दातच शिडी आहे. निसर्गाला वर जाण्याची ओढ असते, असे डार्विन यांचे म्हणणे नव्हते. त्यांचे चित्र फांद्या फुटणाऱ्या झाडाचे होते. जानेवारी २०१८ मध्ये तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथे डार्विनचा सिद्धांत चुकीचा ठरवला. माकडाचा माणूस होताना कोणी पाहिले नाही, असा त्यांचा मुद्दा होता. देशातील तिन्ही विज्ञान अकादमींनी त्याला जाहीर विरोध केला. हा मुद्दा उभा राहतो तो शिडीच्या चित्रावर. झाडाच्या चित्रात आजचे माकड आणि माणूस या एकाच जुन्या फांदीला फुटलेल्या दोन डहाळ्या आहेत. एकाने दुसऱ्यात बदलण्याचा प्रश्नच येत नाही.

जिवाणू : मराठीत जिवाणू म्हणजे बॅक्टेरिया. पण अलाहाबादचे रसायनशास्त्रज्ञ कृष्ण बहादूर यांनी १९६० च्या दशकात प्रकाशाच्या मदतीने रसायनांपासून बनवलेल्या सूक्ष्म कणांना संस्कृतवरून ‘जीवाणू’ असे नाव दिले होते. ते कण जिवंत आहेत, हा दावा मान्य झाला नाही. नावात ‘जीव’ असणे आणि वस्तूत जीव असणे यांतले अंतर त्यातून दिसते.

बातमी वाचताना काय पाहावे?

पुढच्या वेळी ‘जीवसृष्टीचे रहस्य उलगडले’ असा मथळा दिसला, तर तीन प्रश्न उपयोगी पडतील.

१. बातमीत प्रत्यक्ष काय सापडले? रेणू, खनिज, जीवाश्म की संगणकावरील आकडेमोड?

२. मथळ्यातल्या शब्दाच्या जागी ‘सारखे’ किंवा ‘जणू’ घालून वाक्य पुन्हा वाचले, तर दावा किती लहान होतो?

३. ते रूपक कोणता प्रश्न विचारू देत नाही? सूपमध्ये विरळपणा, बीजात पहिले झाड, विटांमध्ये निवड, लिपीत रसायन.

हा प्रश्न शाळेपर्यंत येतो. २०२३ मध्ये एनसीईआरटीने दहावीच्या विज्ञान पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला, तेव्हा देशभरातील १८०० हून अधिक वैज्ञानिक व शिक्षकांनी पत्रावर सही करून आक्षेप घेतला. धडा नसला तरी मुलांच्या मोबाइलवर सूप, विमान आणि माकड येतच राहतात. पारखण्याची सवय नसेल तर अधिक ठसठशीत रूपक जिंकते, मग ते खरे असो वा नसो.

शेवटी ‘उगम’ या शब्दाकडे

मराठीत ‘जीवाचा उगम’ असे सहज म्हटले जाते. उगम हा नदीचा शब्द आहे. वैनगंगेचा उगम मध्य प्रदेशातील सिवनी जिल्ह्यात मुंडारा गावाजवळ मानतात. एक गाव, एक जागा. म्हणून जीवाच्या बाबतीतही एक जागा, एक क्षण शोधला जातो. डबके की समुद्रतळ, असा वाद त्यातूनच तापतो. पण भंडारा जिल्ह्यात येईपर्यंत वैनगंगेत असंख्य नाले मिळालेले असतात आणि चुलबंदसारख्या नद्या तिला पुढे येऊन मिळतात. हे पाणी एका गावचे नसते.

हीच वैनगंगा गडचिरोली जिल्ह्यात चपराळ्याजवळ वर्धेला मिळते आणि तिथून पुढे नदीचे नाव प्राणहिता होते. प्राणहितेचा आरंभ झऱ्यात नाही, संगमात आहे. अनेक संशोधक आज याच दिशेने विचार करत आहेत. २०१५ मध्ये सदरलँड यांच्या गटाने दाखवले, की आरएनए, प्रथिने आणि मेद या तिघांचे कच्चे घटक एकाच प्रकारच्या साध्या रसायनांतून निघू शकतात. पटल, ऊर्जा आणि नक्कल हे तीन प्रवाह कुठेतरी एकत्र आले आणि त्या मिसळीला आपण जीव म्हणू लागलो, अशी ही शक्यता.

अर्थात संगम हेसुद्धा रूपकच आहे. दोन्ही नद्यांत पाणी आधीपासून होते, ही गोष्ट ते झाकते. त्यामुळे त्यालाही तेच तीन प्रश्न विचारायला हवेत.